दाढेत राहिलेला तुकडा आणि न सांगितलेली गोष्ट

पत्राचा सारांश : मुलुंडला राहणाऱ्या, सत्तेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीच्या खालच्या डाव्या दाढेचं दिवाळीनंतर रूट कॅनाल झालं. दवाखाना गल्लीतलाच. जुने डॉक्टर निवृत्त झाल्यापासून तिथे एक तरुण डॉक्टर बसतात. दुसऱ्या सिटिंगला इंजेक्शन नीट लागलं नव्हतं. त्यांनी हात वर केला, तर ‘झालंच हं, दोन मिनिटं’ म्हणत डॉक्टरांनी काम चालूच ठेवलं. पुढे कॅप बसली. अठरा हजार रुपये झाले, निम्मे यूपीआयने दिले, निम्मे रोख, पावती नाही. तेव्हापासून त्या बाजूने चावलं की कळ येते. पुन्हा पुन्हा दाखवायला गेल्या, तर ‘तुम्ही फार टेन्शन घेता’ असं सांगून गोळ्या दिल्या गेल्या. अखेर भांडुपच्या एका डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि एका मुळात फाइलचा, म्हणजे नळी साफ करायच्या सुईसारख्या हत्याराचा, तुटलेला तुकडा दाखवला. सासूबाई म्हणतात, आम्ही दात उपटून घेतले तेव्हा ब्र काढला नाही. यजमान म्हणतात, रोज समोर दिसणाऱ्या माणसाशी वाकडं कशाला? मुलगी म्हणते, कोर्टात खेच. त्या विचारतात : ‘केस करू की गप्प बसू? की दाढच काढून टाकू आणि पुन्हा डेंटिस्टचं तोंड बघू नये? आणि खरं सांगा, मीच नाजूक आहे का?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो प्रश्न तुम्ही सगळ्यात शेवटी, घाईघाईने लिहिला आहे आणि मला वाटतं तोच तुम्हाला जास्त छळतो आहे. नाही, तुम्ही नाजूक नाही.

खालची दाढ बधिर करणं हे दंतवैद्यकातलं खरोखर कठीण काम आहे. वरच्या जबड्याचं हाड विरळ असतं, दाताशेजारी सुई दिली तरी औषध आत मुरतं. खालच्या जबड्याचं हाड घट्ट. तिथे तोंडाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, नस हाडात शिरते त्या जागेजवळ औषध सोडावं लागतं. ती जागा माणसागणिक थोडी इकडेतिकडे असते. त्यात दाढेची नस सुजलेली, ठणकणारी असेल तर औषध लागू पडायला आणखी त्रास. ओठ जड होतो, जीभ अर्धी बधिर होते, पण दाढ मात्र जागीच. हे दंतवैद्यांना शिकवलेलं असतं, आणि त्यावर काय करायचं हेही शिकवलेलं असतं : थांबायचं, दाढेशेजारी किंवा थेट नसेत आणखी औषध द्यायचं, नाहीतर आत औषध भरून, तात्पुरतं सिमेंट लावून रुग्णाला दोन दिवसांनी बोलवायचं. तुमचा हात वर गेला ही डॉक्टरांना मिळालेली माहिती होती. ती त्यांनी बाजूला ठेवली.

सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, त्यांनी सोसलंही असेल. पण हललेला दात उपटणं क्षणाचं काम. जिवंत नसेच्या नळीत सुई फिरत असताना तासभर आ वासून पडून राहणं वेगळं. दोन्हीची तुलना करून स्वतःला कमी लेखू नका.

आता दुसरी गोष्ट. ही कदाचित तुमच्या मुलीला आवडणार नाही. फाइल तुटणं म्हणजे आपोआप निष्काळजीपणा, असं तुम्ही आणि तिने धरून चालला आहात. तसं नाही. दाढेची मुळं सरळ नसतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात, कधी चार, आणि पुढच्या मुळातल्या नळ्या अरुंद व वाकड्या असतात. त्या साफ करायला जी फाइल वापरतात ती भरतकामाच्या सुईहूनही बारीक. वाकड्या नळीत ती गोल फिरते तेव्हा तिच्यावर ताण येतो आणि कधी कधी कसलीही पूर्वसूचना न देता टोक तुटून आत राहतं. चांगल्या, अनुभवी हातांतही हे घडतं. फाइल फार वेळा वापरलेली असेल, घाई झाली असेल, तर शक्यता वाढते. तेव्हा तुमच्या बाबतीत काय झालं हे एक्स-रेवरच्या एका पांढऱ्या रेघेवरून कोणी ठरवू शकत नाही. मी तर नाहीच, भांडुपचे डॉक्टरही नाहीत.

पण तुटल्यानंतर काय केलं, हे विचारता येतं. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

फाइल तुटली की डॉक्टरांना सहसा तिथल्या तिथे कळतं, कारण बाहेर आलेली फाइल आखूड असते. नाहीच कळलं, तर नळ्या भरून झाल्यावर जो एक्स-रे काढायचा असतो त्यात बहुधा दिसतं. नळ्यांत भरलेला गट्टा पर्चा, म्हणजे तो रबरासारखा गुलाबी पदार्थ, एक्स-रेत पांढरा दिसतो. धातूचा तुकडा बहुधा त्यात वेगळा ओळखू येतो. म्हणजे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि त्यांनी सांगितलं नाही, किंवा शेवटचा एक्स-रे काढलाच नाही, किंवा काढून नीट पाहिला नाही. तिन्ही शक्यतांचं उत्तर त्यांनी द्यायला हवं. तुकडा राहिला आहे, तो असा असा आहे, आता काढायचा प्रयत्न करायचा की तसाच ठेवून लक्ष ठेवायचं, हे तुम्हाला त्याच दिवशी सांगणं हे त्यांचं काम होतं. पुढच्या निर्णयात तुमचा हक्क होता. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात रुग्णाच्या संमतीबद्दल स्पष्ट सांगितलं आहे की उपचार काय, त्यातले धोके काय, पर्याय काय, हे पुरेसं समजावल्यावर दिलेली संमतीच खरी. तुम्हाला त्याऐवजी ‘टेन्शन घेता’ हे ऐकावं लागलं. दुखणाऱ्या माणसाला त्याचं दुखणं मनाचं आहे असं सांगून परत पाठवणं, तेही एकदा नव्हे, याचा मला राग येतो.

तरीही भांडण, तक्रार, केस, सगळं थोडं मागे ठेवा. आधी दाढ.

कळ त्या तुकड्यामुळेच येते असंही नाही. तुटण्याआधी नळी बऱ्यापैकी साफ झालेली असेल तर तुकडा आत राहूनही दाढ वर्षानुवर्षं मुकाट काम करते. चावताना दुखायची कारणं आणखी असतात. कॅप केसभर उंच बसलेली असते. मग प्रत्येक घासाला तीच दाढ आधी टेकते आणि दुखते. निळा कागद चावायला देऊन, खूण पडलेली जागा घासली की काही दिवसांत आराम पडतो. किंवा एखादी नळी सापडलेलीच नसते. किंवा मुळाला तडा गेलेला असतो, आणि तसं असेल तर गणित पूर्ण बदलतं. म्हणून अजून एक मत घ्या, आणि ते रूट कॅनालमध्येच एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलेल्या डॉक्टरांचं घ्या. त्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात. बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पहिली पदवी घेतलेले, डॉक्टरही रूट कॅनाल करतात आणि कित्येक जण उत्तम करतात, पण राहिलेला तुकडा काढायचा तर मायक्रोस्कोप आणि अल्ट्रासॉनिकची बारीक टोकं लागतात आणि त्याचा सराव लागतो.

पैशांची ओढाताण असेल तर मुलुंडहून लोकल थेट सीएसएमटीला येते. तिथे सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे रूट कॅनालचा स्वतंत्र विभाग आहे, खर्च खाजगीच्या मानाने फारच थोडा. वेळ मात्र काढावा लागेल. सकाळी लवकर केस पेपर काढायचा, रांगेत बसायचं, विद्यार्थी तपासतील, मग त्यांचे शिक्षक बघतील. अशा प्रकरणात हे सोयीचंच, कारण तिथे कोणाला तुमच्याकडून कॅपचे पैसे मिळवायचे नसतात.

ते कदाचित सीबीसीटी सांगतील. तो दाढेचा त्रिमितीय स्कॅन. साध्या एक्स-रेत मुळं एकमेकांमागे लपतात, यात वेगवेगळी दिसतात. त्यानंतर तुमच्यापुढे पर्याय येतील. तुकडा काढून रूट कॅनाल पुन्हा करणं, तुकड्याच्या बाजूने वाट काढून नळी साफ करणं, काहीच न करता काही महिन्यांनी पुन्हा एक्स-रे बघणं, किंवा हिरडी उघडून मुळाचं टोक कापणं. तुकडा काढताना मुळाची भिंत थोडी खरवडली जाते, त्यामुळे ‘काढाच’ असा हट्ट धरू नका. कुठला पर्याय का, हे त्यांना विचारा आणि समजेपर्यंत विचारा.

एवढ्यात गालाला किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला, तोंड उघडेना, गिळताना त्रास झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. दाताचा जंतुसंसर्ग जबड्याखाली उतरला की श्वास अडवू शकतो. आणि घरात उरलेली अँटिबायोटिक्स मनाने घेऊ नका. मुळाच्या आत जिथे घाण असते तिथे रक्तपुरवठाच उरलेला नसतो, त्यामुळे गोळी तिथे पोचत नाही. सूज तात्पुरती बसते आणि आपल्याला वाटतं बरं झालं.

दाढ काढून टाकायचा विचार तुम्ही रागात करता आहात, असं पत्र वाचताना वाटलं. मुळाला उभा तडा असेल तर काढावीच लागेल, ते वेगळं. पण वाचण्यासारखी असेल तर काढू नका. मोकळ्या जागेत मागची दाढ कलते, वरची दाढ खाली उतरू लागते, तिथलं हाड हळूहळू झिजतं. मग इम्प्लांट किंवा ब्रिज, म्हणजे पुन्हा खुर्ची, पुन्हा इंजेक्शन आणि आत्तापेक्षा मोठं बिल. ज्या खुर्चीपासून पळायचं म्हणून दाढ काढाल, ती खुर्ची सुटणार नाहीच.

आता गल्लीतले डॉक्टर. तुमचे यजमान विचारण्याला भांडण समजतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत तसंच समजतात, डॉक्टरांना प्रश्न विचारला की त्यांचा अपमान झाला असं वाटतं. मला हे पटत नाही. कागद मागणं हे भांडण नव्हे. दंतवैद्यांसाठी २०१४ची आचारसंहिता आहे आणि तिच्यानुसार रुग्णाच्या नोंदी किमान तीन वर्षं जपून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तुमचे एक्स-रे तुमच्या दाढेचे आहेत. तोंडी मागू नका, व्हॉट्सअॅपवर किंवा कागदावर लिहून मागा. मजकूर साधा ठेवा, असा काहीतरी :

‘डॉक्टर, माझ्या खालच्या डाव्या दाढेचं रूट कॅनाल आपल्या दवाखान्यात झालं. अजून चावताना दुखतं. दुसरीकडे काढलेल्या एक्स-रेत मुळात फाइलचा तुकडा दिसतो. मला उपचारापूर्वीचे आणि नंतरचे सर्व एक्स-रे, उपचाराची नोंद, काम कोणत्या डॉक्टरांनी केलं त्यांचं नाव व नोंदणी क्रमांक, आणि दिलेल्या एकूण रकमेची पावती हवी आहे. याबाबत आपल्याशी बोलायलाही यायचं आहे. कृपया वेळ कळवावी.’

‘कोणत्या डॉक्टरांनी’ हे मुद्दाम घातलं आहे. मुंबईत पुष्कळ दवाखान्यांत रूट कॅनालवाले डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात, आणि रुग्णाला त्यांचं नावही ठाऊक नसतं. तोंडावर मास्क, समोर दिवा, मागून कोणी काम केलं कोण जाणे. तुमच्याकडेही दुसऱ्या सिटिंगला कोणी वेगळं होतं का, आठवून बघा. आणि रोख दिलेल्या पैशांची तारीख, रक्कम, त्या दिवशी सोबत कोण होतं, हे आजच वहीत लिहून ठेवा. यूपीआयचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, गोळ्यांच्या चिठ्ठ्या फेकू नका.

बोलायला जाल तेव्हा यजमानांना बरोबर न्या. त्यांची भीती संबंध बिघडण्याची आहे, ते समोर असले तर आवाज चढणार नाही. तिथे दोनच गोष्टी विचारा. तुकडा राहिल्याचं तुम्हाला कधी कळलं? मला का सांगितलं नाही? मग गप्प बसा आणि ऐका. तरुण डॉक्टर घाबरलेलेही असू शकतात, आणि सरळ बोलल्यावर सरळ उत्तर देणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ते चूक कबूल करून पैसे परत देऊ शकतात, किंवा एंडोडॉन्टिस्टचा खर्च उचलू शकतात. दोन्ही मागायला हरकत नाही. ‘मीच पुन्हा करून देतो, फुकट’ असं म्हणाले तर माझं मत विचाराल तर नको. विश्वास उडालेल्या माणसाच्या हाताखाली आ करून पडून राहणं तुम्हाला झेपणार नाही, आणि ते झेपवायची गरजही नाही. पैसे देताना ‘पुढे कुठलीही तक्रार करणार नाही’ असा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका. घरी आणा, वाचा, नव्या तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबा.

कागद दिले नाहीत, उडवून लावलं, तर मात्र यजमानांचं ऐकून गप्प बसू नका. तक्रारीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांचं काम वेगळं आहे. महाराष्ट्र राज्य दंत परिषद डॉक्टरांच्या वागणुकीची चौकशी करते, ताकीद देऊ शकते, नोंदवहीतून नाव काही काळ किंवा कायमचं काढू शकते. ती तुम्हाला पैसे मिळवून देत नाही. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलं. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तुमच्यासाठी मुंबई उपनगरचा आयोग, वांद्र्याला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील नेमलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. ती उपचाराच्या दिवसापासून धरून चाला, तुकडा कळल्याच्या दिवसापासून धरता येईल का या वादात पडू नका. आधी नुसतं विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीत बोलता येतं, आणि मुंबई ग्राहक पंचायतीचं मार्गदर्शन घेता येतं.

मुलीला एवढं सांगा की उपचार फसला एवढ्यावर केस जिंकता येत नाही. चांगला निकाल न येणं किंवा निर्णय चुकणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, असं न्यायालयं सांगत आली आहेत. दुसऱ्या तज्ज्ञाचं लेखी मत बहुतेक वेळा लागतं, आणि ते लिहून द्यायला डॉक्टर सहसा तयार होत नाहीत. इथे दंत महाविद्यालयाच्या केस पेपरवरची नोंद उपयोगी पडते. तुमच्या प्रकरणात तुकड्यापेक्षा तो लपवणं आणि हात वर करूनही न थांबणं हे मुद्दे मला जास्त वजनाचे वाटतात. गूगलवर लिहायचंच असेल तर घडलं तेवढं, तारखेनिशी लिहा. ‘लुटारू’, ‘खाटीक’ असे शब्द घातले की बदनामीची नोटीस तुमच्याच दारात येईल, आणि जे खरं आहे तेही त्याखाली झाकलं जाईल.

ज्या वाचकांचं रूट कॅनाल अजून व्हायचं आहे, त्यांनी एक सवय लावून घ्यावी. सुरू करण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही एक्स-रे मोबाइलवर मागून घ्या. खर्चाचा अंदाज लिहून मागा, कॅप कशाची आणि तिची वॉरंटी किती ते त्यात येऊ द्या. पैसे कितीही थोडे असोत, पावती घ्या. यात अविश्वास नाही, चांगले डॉक्टर हे न मागता देतात.

राहिली तुमची भीती. लवंगेच्या तेलाचा वास आला तरी पोटात गोळा येतो, असं तुम्ही लिहिलं आहे. दवाखान्यातल्या तात्पुरत्या सिमेंटला तोच वास असतो, त्यामुळे हे अगदी समजण्यासारखं आहे. म्हणून नव्या डॉक्टरांकडे पहिल्या भेटीत काही करून घ्यायचं नाही असं ठरवूनच जा. फोनवरच सांगा : आज फक्त एक्स-रे बघायचा आहे आणि बोलायचं आहे. खुर्ची आडवी करू नका म्हणा, टेबलासमोर बसून बोला. मागे काय झालं ते त्यांना सांगा, इंजेक्शन लागलं नव्हतं हे तर नक्की सांगा, म्हणजे ते आधीपासून जास्तीचं औषध योजतील. आणि काम सुरू होण्याआधी हे ठरवून घ्या की डावा हात वर गेला की यंत्र थांबणार, ‘दोन मिनिटं’ नाही, लगेच. एकदा मुद्दाम, काही दुखत नसताना हात वर करून बघा. थांबले तर पुढे जा. नाही थांबले तर उठा, तपासणीचे पैसे द्या आणि बाहेर या. मुलीला सोबत न्या. डॉक्टर काय सांगतात ते तिला लिहून घेऊ दे, तुमचं लक्ष त्या वेळी कागदावर राहणार नाही.